मुक्काम लिंबगव्हाण, बूथ क्रमांक तीन

तहसीलमध्ये अर्ज दिला होता,
डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.
बाबूनं चष्म्यावरून पाहिलं. "गहू चालत नाही?
मॅडम, हे काही ड्युटी रद्द करायचं कारण होत नाही."
चौथ्या दिवशी ऑर्डर हातात :
मुक्काम लिंबगव्हाण, तालुका सेलू.
गावाच्या नावातसुद्धा शिरलाच होता तो.

मग मतदार याद्यांच्या शेजारी
राजगिऱ्याच्या वड्या, चार केळी,
मुरमुऱ्यांचा पुडा, आणि एक चमचा
जो मी कुणाला देत नाही.

सेलूच्या स्टँडसमोर गाडी थांबली.
"भजी घ्या, निव्वळ बेसन हाय," हॉटेलवाला म्हणाला.
त्याच कढईत समोसे पोहत होते.
पोह्यांचं विचारलं. हिंग घालता?
"घालावाच लागतो. पोटाला चांगला."
आता त्याला कसं सांगू
की हिंगाच्या डबीतही गव्हाचं पीठ असतं,
एवढंसं, चिमटीतलं,
आणि तेवढ्यावर माझे चार दिवस जातात.
काळा चहा घेतला.
"उपास का?" कदमसरांनी विचारलं.
हो म्हणाले. हो म्हणणं सोपं.

लहानपणी मी पाहुण्यांची वाट पाहायची.
पाहुणे आले की पोळी, एरवी भाकरी.
चाळिशीत रिपोर्ट आला तेव्हा कळलं,
ज्याच्यासाठी रडायची
तोच आत बसून आतडं कुरतडत होता.

संध्याकाळी शाळेत पाकिटं आली.
पुऱ्या, बटाट्याची भाजी, बुंदीचा लाडू.
पाकीट शिपायाला दिलं.
खिचडी शिजवणारी प्रयागबाई दारातून बघत होती.
"भाकर टाकू का दोन? ज्वारीचीच हाय."
पीठ कुठलं?
"मैनोद्दीनच्या गिरणीचं."
तुमच्या आधी त्यानं काय दळलं होतं?
"रेशनचा गहूच की. ज्वारी आता कुणाला परवडती?"
परात कोणती? तवा वेगळा आहे?
एक एक प्रश्न विचारत गेले,
सवयीनं, खाली मान घालून, यादी तपासल्यासारखे.
ती गप्प झाली.
मग म्हणाली, अगदी हळू,
"आमच्या हातचं चालत नसंल
तर तसं सांगा, बाई.
एवढं फिरून कशाला विचारायलाव?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं.
मी चिठ्ठी काढली. इंग्रजीत होती.
चिठ्ठी कुणाला काय सांगणार.
मी पोटावर हात ठेवला, बोलत राहिले,
रक्त, उलट्या, बेचाळीस किलो वजन, सगळं,
परक्या बाईला सांगू नये तेवढं.
तिनं पदर खोचला. "चला."

शाळेमागं तिचा अर्धा एकर.
गूळभेंडीची कणसं चिकात आलेली.
नवऱ्यानं आगटी पेटवली, गोवऱ्यांची.
कणसं भाजली की ती हातावरच चोळायची,
फुंकर मारायची, कोंडा उडायचा,
आणि दाणे, हिरवे, गरम, थोडे राखाडी.
"हे कुठल्या गिरणीत गेलं नाही, बघा.
शेतातून आगीत, आगीतून हातावर."
चटणीत काय आहे, विचारलंच मी.
"शेंगदाणं, लसूण, मीठ.
झडती संपली का?"
आणि हसली एकदाची.
तिच्या तळव्यावरून माझ्या तळव्यावर
किती वेळ ते चाललं होतं, आठवत नाही.
चमचा पिशवीतच राहिला.

सकाळी साडेसातला ती रांगेत पहिली.
नियमाप्रमाणे नाव विचारलं,
नियमाप्रमाणे तिनं सांगितलं.
डावी तर्जनी पुढं केली,
नखाच्या कडेला कालची राख तशीच.
मी शाई लावत होते
तेव्हा ती वाकून म्हणाली,
"पोट बरं हाय ना?"
दोन्ही पोलिंग एजंट वर बघायला लागले.